ठावठिकाणा कोणाच्या हाती?

१९५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आंबोलीच्या घाटातील रानातून एक आवाज गोव्याच्या घराघरांत ऐकू येऊ लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोन तरुण कार्यकर्त्यांनी चालविलेले ते गुप्त नभोवाणी केंद्र पुढे कॅसलरॉकच्या जंगलात हलले आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत बोलत राहिले. पोर्तुगीज सत्तेला तो आवाज बंद पाडावयाचा होता. पण आवाज सर्वांना ऐकू जात असला तरी तो नेमका कोठून येतो हे शत्रूला कळू न देणे, यावरच त्या साऱ्या उद्योगाचे यश अवलंबून होते. श्वापदांच्या सोबतीने, पाऊसपाण्यात, आप्तेष्टांशी संबंध तोडून त्या दोघांनी आपला ठावठिकाणा सांभाळला. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या किनारपट्टीवरील अनेकांना या हकीकतीची नव्याने आठवण झाली असेल.

आज त्याच आंबोलीच्या घाटात, त्याच कॅसलरॉकच्या परिसरात पावसाळी सहलींचे ताफे जातात आणि धबधब्यासमोर उभे राहून काढलेले छायाचित्र, ठिकाणाच्या नावासह, क्षणार्धात जगापुढे मांडले जाते. काळाचा महिमा असा की, ज्यांचा आवाज सर्वत्र पोचत होता त्यांचे ठिकाण कोणाला ठाऊक नव्हते आणि आज ज्यांचा आवाज गल्लीपलीकडे पोचत नाही अशा कोट्यवधी सामान्य माणसांचे ठिकाण मात्र कोणाला ना कोणाला चोवीस तास ठाऊक असते. हे बळजबरीने झालेले नाही. आपणच आपल्या हाताने, बहुधा आनंदाच्या भरात आणि पुष्कळदा नकळत, ते दिले आहे. यात धोका आहे काय, असल्यास कोणता, आणि लोक त्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, याचा विचार करण्यासाठी बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

किनारपट्टीच्या वाचकाला हा भाग परका नाही. चोर्ला, अनमोड आणि आंबोली हे तीन घाट चढले की आपण बेळगावच्या वाटेला लागतो. भाजीपाला तिकडून येतो, रुग्ण तिकडे जातात, मुले तिकडे शिकतात, सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत. बेळगावहून उत्तरेस पुणे-बंगळूर महामार्गाने निघाले की निपाणी आणि त्यापुढे कोगनोळीचा नाका. नाका ओलांडला की कागल तालुका, म्हणजे महाराष्ट्र. निपाणीला अगदी खेटून असलेल्या अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात मोडते आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीचा विद्यार्थी सकाळी घरातून निघून वर्गात बसेपर्यंत राज्य बदललेला असतो. त्याच्या पायांना ती सीमा जाणवत नाही; त्याच्या खिशातील यंत्र मात्र रोजची तिची नोंद करीत असते.

ही नोंद कशी होते याविषयी लोकांत बराच गैरसमज आहे. ‘वरचा उपग्रह आपल्याला पाहतो’ असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ वेळेचे आणि आपल्या स्थानाचे संकेत पाठवितात. फोन ते संकेत ऐकतो आणि आपण कोठे आहोत याचे गणित स्वतः मांडतो. उपग्रहाला फोनचा पत्ताही नसतो. जोडीला परिसरातील मोबाईल मनोरे आणि वायफायची यंत्रे यांच्या खुणा असतात, म्हणून घराच्या आतही ठिकाण बऱ्यापैकी कळते. येथवर सारे निरुपद्रवी आहे. धोका सुरू होतो तो त्यानंतर. फोनने काढलेले हे उत्तर एखाद्या ॲपने मागितले, आपण एकदा ‘परवानगी आहे’ असे बोट टेकवून सांगितले आणि ते उत्तर दूरच्या कोठल्या तरी संगणकात जाऊन साठू लागले, की ते आपले राहत नाही. तेव्हा आपल्याला पाहणारा आकाशात नसतो; आपण ज्याला उंबरठ्याच्या आत घेतले, तोच असतो. घरचा भेदी लंकादहन, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

समाजमाध्यमांनी या सोयीचा खेळ केला. २००९ साली फोरस्क्वेअर नावाचे ॲप आले. ‘मी अमुक ठिकाणी आहे’ असे जाहीर करणाऱ्यास त्यावर बिरुदे मिळत. २०१० साली फेसबुकने तीच सोय दिली. २०१७ च्या जूनमध्ये स्नॅपचॅटने मित्रांची ठिकाणे नकाशावर दाखविण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात व्हॉट्सॲपवर चालता-फिरता ठिकाण कळविण्याची सोय झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामनेही अमेरिकेत असा नकाशा आणला, तेव्हा आपले ठिकाण आपोआप उघड झाले की काय या शंकेने वापरणाऱ्यांत एवढी खळबळ उडाली की, ‘तुम्ही स्वतः सुरू केल्याविना ते कोणालाही दिसत नाही’ असा खुलासा कंपनीच्या प्रमुखांना करावा लागला.

या खळबळीतच आपल्या विषयाचे मर्म आहे. लोकांना भीती वाटत नाही असे नाही. भीती वाटते, पण ती भलत्याची वाटते, आणि वाटूनही हात थांबत नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड दशकापूर्वी या विषयाचा अभ्यास केला, तेव्हा ठिकाण कळविण्याच्या लाभापेक्षा त्यातील धोकाच लोकांना मोठा वाटतो असे त्यांना आढळले. अनोळखी माणसाने पाठलाग करणे आणि आपले घर कोठे आहे हे त्याला कळणे, या दोन भयांनी मने व्यापली होती. त्याच विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग याहून उद्बोधक आहे. तेवीस जणांच्या फोनमधील ॲप्स त्यांचे ठिकाण किती वेळा घेतात याचा हिशेब त्यांना दाखविण्यात आला. त्यांतल्या एकाला कळले की, अवघ्या चौदा दिवसांत त्याचे ठिकाण ५,३९८ वेळा घेतले गेले होते. तो हिशेब पाहिल्यावर जवळजवळ सर्वांनी, म्हणजे शेकडा ९५ जणांनी, आपण दिलेल्या परवानग्या पुन्हा तपासल्या आणि निम्म्याहून अधिक लोकांनी त्या आवळल्या. हिशेब दिसेपर्यंत ते सारे स्वस्थ होते.

आपल्याकडील अनुभव याहून वेगळा नाही. बेळगावच्या खडेबाजारात, निपाणीच्या तंबाखू बाजारात किंवा आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणालाही विचारा, ‘माझ्याकडे लपविण्यासारखे आहे काय?’ हे पहिले उत्तर मिळते. दुसरे उत्तर चोरांविषयीचे असते, आणि ते खोटे नाही. चतुर्थीला शहरातील बिऱ्हाडास कुलूप लावून सारे कुटुंब मूळ गावी जाते आणि मखराचे छायाचित्र गावाच्या नावासह प्रसिद्ध होते, तेव्हा शहरातले घर पाच दिवस रिकामे आहे हे निराळे सांगावे लागत नाही. २०१० साली हॉलंडमधील काही तरुणांनी ‘कृपया माझे घर लुटा’ अशा अर्थाच्या नावाचे एक संकेतस्थळच काढले होते. लोकांनी स्वतः जाहीर केलेली ठिकाणे तेथे एकत्र मांडलेली असत, यापलीकडे त्यात काही नव्हते. लोकांना शहाणे करण्यासाठी केलेली ती थट्टा होती. थट्टेतील सत्य आजही कायम आहे.

तिसरे उत्तर तरुणांचे. त्यांना कंपनीचे भय नाही, सरकारचे नाही, चोराचेही फारसे नाही. त्यांना भय असते ते मामा-मावशीचे, शेजाऱ्याचे, वडिलांच्या मित्राचे. महाविद्यालयाच्या वेळेत आपण किल्ल्याजवळच्या तलावाकाठी होतो हे घरी कळू नये, एवढीच त्यांच्या दृष्टीने खासगीपणाची व्याख्या. म्हणून ते नातलगांपासून छायाचित्र दडवितात आणि ज्या कंपनीने ते छायाचित्र, त्याची वेळ आणि त्याचे ठिकाण नोंदवून ठेवले, तिच्यापासून काही दडवावे असे त्यांच्या मनातही येत नाही. माणसाची नजर बोचते, यंत्राची बोचत नाही. आणि जे बोचत नाही ते नाहीच, असे समजण्याची चूक आपण सारेच करतो.

कोणी म्हणेल, खेड्यात पूर्वीही खासगीपण कोठे होते? वाड्यावर कोण आला, बसने कोण गेला, कोणाच्या घरी दिवा उशिरापर्यंत जळत होता, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. हा आक्षेप आम्हास विचारार्ह वाटतो. परंतु त्या माहितीत आणि या माहितीत तीन भेद आहेत. गावाची माहिती परस्परांची होती. मी तुला पाहत असे, तसा तू मला. गावाला विस्मरणाची देणगी होती. चार पावसाळे गेले की जुनी गोष्ट पुसली जाई. आणि गावाची माहिती गावातच राही. तिचा बाजार मांडला जात नसे. आजचा पाहणारा आपल्याला दिसत नाही, तो काही विसरत नाही आणि मिळालेल्या माहितीवर पैसा कमावितो. ठिकाणाच्या नोंदी ठेवण्याबाबत लोकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून गूगलने २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील चाळीस राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. बंद केले असे वाटणारे बटण खरोखर बंद होते काय, हाच त्या वादाचा विषय होता.

‘पण माझे नाव त्यात कोठे आहे?’ असा प्रश्न येतो. नावाची गरजच नसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी, नावे काढून टाकून, तपासण्यात आल्या. माणूस कोणत्या वेळी कोठे होता याच्या केवळ चार नोंदी हाती असल्या, तर शेकडा ९५ माणसे त्या गर्दीतून वेगळी ओळखता येतात असे निष्पन्न झाले. रात्री एक ते पाच जेथे फोन स्थिर असतो ते घर, दहा ते सहा जेथे असतो ते कामाचे ठिकाण, दर मंगळवारी जेथे जातो ते देऊळ, महिन्यातून एकदा जेथे जातो ते रुग्णालय. एवढे कळल्यावर नाव लिहिण्यास काय उरले?

सीमाभागात या प्रश्नाला जी धार येते ती याच ठिकाणी. बेळगाव हे सैन्याचे शहर आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे ठाणे आहे, कमांडो प्रशिक्षणाची शाखा आहे. सीमाभागातील, कोल्हापूर-सिंधुदुर्गातील कित्येक घरांतील मुले या केंद्रातून सैनिक होऊन बाहेर पडतात. २०१७ च्या नोव्हेंबरात स्ट्राव्हा नावाच्या व्यायामाच्या ॲपने जगभरातील धावणाऱ्यांच्या वाटांचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तीन लाख कोटी नोंदी होत्या आणि कोणाचेही नाव नव्हते. पुढील जानेवारीत नेथन रूसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की, अफगाणिस्तान आणि सीरियातील काळोख्या प्रदेशात काही वाटा लख्ख दिसत आहेत. त्या वाटा परदेशी सैनिकांच्या तळांच्या होत्या. सकाळच्या दौडीचा हिशेब ठेवण्याच्या हौसेने तळांचे आराखडेच जगापुढे आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युद्धक्षेत्रात अशा सोयींवर बंदी घातली. आपल्या लष्करानेही २०२० च्या जुलैमध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप्स फोनमधून काढून टाकण्यास फर्माविले. शिस्तीत वाढलेल्या सैनिकालाही हुकूम द्यावा लागला, तेथे सामान्य माणसाने सावध नसावे यात नवल नाही. पण रजेवर आलेल्या जवानाच्या घरच्यांनी तरी, तो कोणत्या तारखेस कोणत्या ठाण्यावर रुजू झाला हे कौतुकाने जाहीर करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. सीमाभागात ठिकाण हे केवळ ठिकाण नसते. ते एक मत असते. छायाचित्राखाली ‘बेळगाव’ लिहिले की ‘बेळगावी’, यावरूनच लिहिणाऱ्याची जात-भाषा नव्हे, तरी बाजू ओळखली जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा मराठी भाषिक प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिन पाळला जातो. १७ जानेवारीला हुतात्म्यांचे स्मरण होते. २०१४ साली त्याच १ नोव्हेंबरला शहराचे अधिकृत नाव बदलले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप निकालाची वाट पाहत आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या नोंदणीची वाहने अडवून दगडफेक झाली आणि तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. गाडीच्या पाटीवरील दोन अक्षरांवरून माणसाचा कैवार किंवा वैर ठरू शकते, अशा प्रदेशात माणसाच्या साऱ्या येण्याजाण्याची पाटी त्याच्या खिशात तयार होत असेल, तर तिचे मोल किती हे निराळे सांगावयास नको.

१९८१ साली निपाणीजवळ तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. त्या गर्दीत कोण कोण बसले होते याची पूर्ण यादी कोणाजवळही नव्हती; गर्दीचे तेच कवच होते. तशी गर्दी आज जमली तर प्रत्येकाची हजेरी, आल्या-गेल्याच्या वेळेसह, कोठे तरी आपोआप लागेल. काळ्या दिनाच्या फेरीची असो की राज्योत्सवाच्या मिरवणुकीची, मराठी माणसाची असो की कन्नड माणसाची, ही हजेरी सारखीच लागेल. तिचा दुरुपयोग झाला आहे असे आमचे म्हणणे नाही. पण होऊ शकतो, एवढ्या जाणिवेनेही माणूस घरी बसतो. सभेला जावे की न जावे याचा निर्णय जेव्हा मताने न होता भयाने होऊ लागतो, तेव्हा कोणत्याही बंदी हुकुमाविना सभाबंदी अमलात आलेली असते. ज्यांना ‘लपविण्यासारखे काही नाही’ त्यांनी एवढा विचार अवश्य करावा.

तिसरा प्रश्न घराच्या आतला. मुलगी रात्रीच्या बसने बेळगावहून पणजीला निघाली, घाटात पाऊस आहे, दरड कोसळण्याचे भय आहे. अशा वेळी तिने चालते ठिकाण आईला कळविले, तर आईला झोप लागते. या सोयीला नावे ठेवण्याइतके आम्ही कर्मठ नाही. अपघातात सापडलेल्या माणसापर्यंत मदत वेळेवर पोचण्यास तिचा उपयोग होतो. पण हीच सोय कायमची चालू राहिली, नवऱ्याने बायकोकडे किंवा भावाने बहिणीकडे ती हक्काने मागितली आणि ‘बंद का केलेस?’ हा रोजचा जाब झाला, की काळजीची पाळत होते. काळजी विचारून घेतली जाते आणि काम झाले की थांबते. पाळत थांबत नाही. व्हॉट्सॲपने चालते ठिकाण कळविण्यास पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास अशा मर्यादा ठेवल्या आहेत, त्यातला बोध हाच. आणि स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिचा पाठलाग करणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमानुसार गुन्हा आहे, हे प्रत्येक मुलीला आणि तितकेच प्रत्येक मुलालाही शाळेत सांगितले पाहिजे.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही, ही समाधानाची गोष्ट. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्या दाव्याचे अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. वयाच्या नव्वदीकडे झुकताना त्यांनी हा लढा आरंभिला. या तत्त्वाचा ठिकाणाच्या प्रश्नाशी थेट संबंध आला तो ८ जुलै २०२४ रोजी. अमली पदार्थांच्या खटल्यातील एका परदेशी आरोपीला जामीन देताना, त्याने गूगल नकाशावर आपल्या ठिकाणाची खूण तपास अधिकाऱ्यास उपलब्ध ठेवावी, अशी अट घालण्यात आली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने ती रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी कोणतीही अट घटनेच्या २१ व्या कलमातील खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे न्यायालयाने बजावले. न्यायमूर्ती ओक हे ठाण्याचे मराठी गृहस्थ, आणि त्यापूर्वी कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. आरोपीच्या बाबतीत न्यायालय जे मान्य करीत नाही, ते निरपराध नागरिक स्वखुशीने कोणासही देऊन टाकतो, यातला विरोध वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

संसदेने २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने अमलात येण्यास अठरा महिन्यांचा अवधी देण्यात आला आहे. माहिती सुरक्षित राखण्यात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची पडताळलेली संमती लागेल. मात्र राज्यसंस्थेच्या यंत्रणांना सार्वभौमत्व, सुव्यवस्था अशा कारणांसाठी कायद्यातून वगळण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे ठेवला आहे. ही पळवाट फार रुंद आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच वर्षी ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालण्याचा आदेश निघाला आणि लोकांनी हरकत घेताच डिसेंबरच्या आरंभी तो मागे घ्यावा लागला. लोक जागे असले की सरकारही ऐकते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

या कायद्यातील एक तरतूद सीमाभागाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे आणि तिच्याकडे अद्याप फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकास मिळाला पाहिजे, असे कायदा म्हणतो. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, कन्नड आहे आणि १९९२ पासून कोंकणीही आहे. नागरिक कोणत्या राज्यात राहतो याचा येथे संबंध नाही. सात-बाराचा उतारा आणि सरकारी परिपत्रके मराठीत मिळावीत म्हणून ज्या भागात वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, तेथील मराठी माणसाला आपण कशास संमती देत आहोत हे आपल्या भाषेत वाचण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बाईला, खानापूरच्या शेतकऱ्याला, तसेच आमच्या रापणकाराला ‘अलाऊ’ या एका इंग्रजी शब्दावर बोट ठेवावयास लावणे ही संमती नव्हे. न समजता केलेली सही सावकाराच्या कागदावर जशी घातक ठरत असे, तशीच ती येथेही ठरते. हा हक्क प्रत्यक्षात उतरविण्यासाठी सीमाभागातील संस्थांनी, मराठी असोत की कन्नड, आतापासूनच आग्रह धरावा. ज्यावर दोन्ही भाषिकांनी एकत्र यावे असे प्रश्न तेथे फार थोडे आहेत. हा त्यांपैकी एक आहे.

कायद्याची वाट न पाहता प्रत्येकाने करण्याजोग्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या ॲपला ठिकाणाची परवानगी आहे हे एकदा तरी पाहावे. विजेरीच्या किंवा पत्त्यांच्या खेळाच्या ॲपला आपले ठिकाण कशाला हवे? ज्यांना खरोखर हवे त्यांना ‘वापरत असतानाच’ एवढीच परवानगी द्यावी. हवामान पाहण्यास नेमके नव्हे तर अदमासे ठिकाण पुरते आणि तसा पर्यायही अलीकडच्या फोनमध्ये असतो. कॅमेऱ्याची ठिकाण नोंदविण्याची सोय बंद ठेवावी. छायाचित्राच्या पोटात अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, हे विसरू नये. २०१२ साली ग्वाटेमालात लपलेल्या जॉन मॅकॅफी या संगणक व्यावसायिकाचा पत्ता एका छायाचित्रातील अशाच नोंदीने फुटला. सहलीची छायाचित्रे परत आल्यावर टाकावीत. दोन दिवसांनी त्यांची शोभा कमी होत नाही. दुसऱ्याच्या, विशेषतः लहान मुलाच्या, शाळेचे नाव नि वेळ उघड करण्याचा आपणास अधिकार नाही, हा संस्कार घरातून व्हावा. महाविद्यालयांनी वर्षातून एक तास काढून विद्यार्थ्यांना त्यांच्याच फोनमधील हिशेब त्यांना दाखवावा. हिशेब दिसला की माणूस आपोआप शहाणा होतो, हे वर सांगितलेल्या प्रयोगाने सिद्धच केले आहे.

फोन समुद्रात फेका, असा उपदेश आम्ही करीत नाही. तो कोणी ऐकणारही नाही आणि ऐकू नयेही. आमचे म्हणणे एवढेच की, आपले ठिकाण ही आपली मालमत्ता आहे. ती कोणाला, किती वेळ आणि कशासाठी द्यावयाची हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे आणि तो न वापरल्याने गंजतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील सांगत आले. आंबोलीच्या रानात त्या दोन तरुणांनी सहा वर्षे ती मूठ झाकून ठेवली, म्हणून गोव्याला आपला आवाज ऐकता आला. त्यांच्यासारखा प्रसंग आपल्यावर नाही. पण तो कोणावर केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि आला म्हणजे मूठ मिटण्याची सवय हाताला असावी लागते.